लाइफटाइम प्लॅन, साडेपाचची मीटिंग आणि ६४,३७७ रुपये

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. पलीकडे पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कानटोपी, स्वेटर घालून ते साडेपाचपासून गेटवर उभे होते, वॉचमनलाही त्यांनी उठवून बसवलं होतं. म्हणाले, "तुमच्याकडून मेसेज आलाय, सकाळी साडेपाचची मीटिंग. अहो, सोलरवाले ना तुम्ही? सूर्य तरी उगवू द्यायचा!"

मीटिंग अकराची होती. साडेपाच कुठून आले हे मला कळलं तोवर माझे पैसे, ऑफिसचा दहा वर्षं जुना व्हॉट्सॲप नंबर आणि कितीतरी गिऱ्हाइकं हातातून गेली होती. मीटिंग ठरवायचं सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. पैसे कुठे जातात आणि त्याआधी काय विचारायला हवं होतं, दोन्ही सांगतो.

नाशिकमध्ये आमचं छतावरच्या सोलरचं काम आहे. मी, दोन इंजिनिअर, बाहेर फिरणारी चार मुलं आणि ऑफिस सांभाळणाऱ्या काकू. २०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. घराला ३ किलोवॅटवर ७८,००० रुपये अनुदान, सोसायटीला लिफ्ट-पंपासारख्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,०००. तेव्हापासून फोन खाली ठेवायला सवड मिळेना. तोवर सगळ्या भेटी काकूंच्या लाल वहीत असायच्या: वार, वेळ, कुणी जायचं, सोबत वीजबिल मागवलं का. उन्हाळ्यात एकदा दोन मुलं एकाच वेळी इंदिरानगरच्या एकाच बंगल्यावर पोचली आणि नाशिकरोडला कमिटी आमची वाट बघत बसली. त्या दिवशी मी ठरवलं, वही बंद, सॉफ्टवेअर घ्यायचं.

सोसायटीशी मीटिंग ठरवणं म्हणजे डॉक्टरची अपॉइंटमेंट नव्हे. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि एक सगळ्याला विरोध करणारे काका, एवढे सगळे एका वेळी सापडतात ते रविवारी सकाळी किंवा रोज रात्री आठनंतर. त्याआधी दिवसा कुणीतरी जाऊन छत, सावली, मीटर बघून यावं लागतं. म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या दोन भेटी, दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या वेळा, आणि गंगापूर रोडवरून सिडकोला पोचायला मध्ये अर्धा-पाऊण तास मोकळा. मला हे जमणारं सॉफ्टवेअर हवं होतं. हे मी कागदावर लिहून काढायला हवं होतं. काढलं नाही.

दिवाळीच्या आसपास फेसबुकवर जाहिरात दिसली. नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन. मुलगा गोड बोलायचा, वाक्यागणिक तीनदा 'सर'. ऑनलाइन डेमो ठरला. त्याने स्क्रीनवर छान पान उघडलं, आमच्या कंपनीचा लोगो आधीच लावून ठेवला होता. (लोगो पाहून मी विरघळलो, खोटं कशाला सांगू.) माझ्यासमोर रविवार, अकराची वेळ निवडली, आणि टिंग, त्याच्या फोनवर व्हॉट्सॲप मेसेज आला. कॅलेंडरमध्ये निळा चौकोन उमटला. त्याच क्षणी सौदा झाला होता. पण तो चौकोन त्याच्या कॅलेंडरमध्ये होता, मेसेज त्याच्या फोनवर होता. माझ्या मुलांच्या फोनवर काय होतं, हे बघायचं मला सुचलंच नाही.

भाव असा: महिन्याला माणशी २,९९९ रुपये, किंवा पाच जणांसाठी 'लाइफटाइम' ४१,००० अधिक जीएसटी. पानावर लाल आकड्यांत घड्याळ उलटं धावत होतं, ऑफर संपायला १ तास ४० मिनिटं. दुसऱ्या दिवशी मी तेच पान पुन्हा उघडलं तर तिथे पुन्हा तेवढाच वेळ बाकी! पण तेव्हा पैसे गेले होते. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरात अशा १३ चलाख्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली आहे. खोटी घाई त्यातच आहे आणि वर्गणीचा सापळाही. मी ती यादी वाचली ती फसल्यावर.

४१,००० वर १८ टक्के जीएसटी ७,३८०, एकूण ४८,३८०. मग व्हॉट्सॲप मेसेजसाठी वॉलेटमध्ये १०,००० भरायला लावले. आणि शेवटी, "सर, फक्त एक रुपयाचं व्हेरिफिकेशन, यूपीआयवर रिक्वेस्ट आलीय, पिन टाका." मी टाकला. ती रिक्वेस्ट ऑटोपेची होती. एक रुपया आत्ता, आणि पुढे दर महिन्याला १,४९९ 'मेंटेनन्स'. हे सगळं स्क्रीनवर लिहिलेलं होतं, मी फक्त १ हा आकडा वाचला. नियमाप्रमाणे दर वेळी पैसे कापायच्या २४ तास आधी सूचनाही यायची. रोजच्या पन्नास मेसेजांत ती वाहून जायची. चार महिने गेले तेव्हा बँकेचं स्टेटमेंट बघताना बायकोने विचारलं, "हे काय दर महिन्याला?" तोवर ५,९९६ गेले होते. ऑटोपे बंद करायला यूपीआय ॲपमध्ये मिनिटभर लागतं. तुमचंही आज उघडून बघा, कुठली कुठली जुनी ऑटोपे आत बसलेली असतील.

आता साडेपाचचं. बुकिंगच्या पानावर गिऱ्हाइकाला ११ दिसत, पण मेसेज सुटे तो ग्रीनिच वेळेने. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून अकराचे साडेपाच. रात्री आठची मीटिंग मेसेजमध्ये दुपारी अडीचची व्हायची. मी फोन केला तर उत्तर आलं, "सर, टाइमझोन सेटिंग प्रो प्लॅनमध्ये येतं." नाशिकच्या माणसाने नाशिकच्या माणसाला नाशिकची वेळ सांगायला प्रो प्लॅन!

मुलांच्या कॅलेंडरचंही तसंच. बुकिंग झालं की त्यांच्या गूगल कॅलेंडरमध्ये दिसायचं खरं, पण मुलाने स्वतः तिथे काही टाकलं, उदाहरणार्थ 'दुपारी ३, अंबड, मीटर', तर सॉफ्टवेअरला ते दिसायचं नाही. ते त्याच तीन वाजता दुसरं गिऱ्हाईक बसवून मोकळं. याला दोन्ही बाजूंचं सिंक लागतं. डेमोत 'सिंक आहे' एवढंच ऐकलं होतं. कुठून कुठे, हे विचारलं नव्हतं. डेमोत बसूनच आपल्या माणसाच्या फोनवर एक खोटी भेट टाकायची आणि बुकिंगच्या पानावरून ती वेळ गायब होते का बघायचं. दोन मिनिटांचं काम होतं.

सगळ्यांत जिव्हारी लागलं ते नंबरचं. व्हॉट्सॲपवर धंद्याचे आपोआप मेसेज पाठवायचा अधिकृत रस्ता आहे. त्यात धंद्याची नोंदणी होते, मेसेजचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, भेटीची आठवण आणि जाहिरात यांचे दरही वेगळे असतात. आमच्याकडून यातलं काहीच करून घेतलं नाही. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन एक क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला, बस. म्हणजे आमच्याच व्हॉट्सॲपमध्ये शिरून कुठलंसं चोरटं यंत्र मेसेज सोडत होतं. जानेवारीत नंबर बंद झाला. अशी यंत्रं लावलेली खाती बंद होतात हा नियम जुनाच आहे, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. पण तो नंबर आमच्या दोन गाड्यांवर, बोर्डावर आणि लावलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरच्या स्टिकरवर छापलेला होता. १०,००० ची वॉलेट कशासाठी होती? अधिकृत मेसेजचे दर भरायला, असं त्यांनी सांगितलं होतं. अधिकृत मेसेज एकही गेला नव्हता.

याच सुमारास मुलं सांगू लागली की आपण पोचायच्या आत गिऱ्हाइकाला दुसऱ्या सोलरवाल्यांचे फोन आलेले असतात. आधी वाटलं, स्पर्धा आहे, असेल. मग एक युक्ती केली. मेहुणीने नवीन सिम घेतलं होतं, तो नंबर कुणालाच दिलेला नव्हता. तो टाकून आमच्याच पानावर बुकिंग केलं, आणि सोसायटीच्या नावात मुद्दाम एक काना जास्तीचा टाकला. दोन दिवसांनी तिला फोन आला. पलीकडच्या बाईंनी त्या नसलेल्या सोसायटीचं नाव घेतलं, जास्तीच्या कान्यासकट.

आमच्याकडची माहिती कुणी विकली हे मी कोर्टात सिद्ध करू शकेन की नाही, माहीत नाही. मला माझ्यापुरतं कळलं. मग आठवलं, सुरुवातीला गूगलने लॉगिन करतानाच परवानग्यांची भलीमोठी यादी दाखवली होती: कॅलेंडर बघणे, बदलणे, कायमचे पुसणे, कॉन्टॅक्ट्स, मेल. मीटिंग ठरवायला माझी मेल कशाला वाचायला हवी? मी सगळ्या चौकोनांत टिक करून पुढे गेलो होतो. ती परवानगी गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, जोडलेल्या ॲपच्या यादीतून काढता येते. मी काढली. घोडे तबेल्यातून गेल्यावर दार लावलं म्हणा.

काकूंनी मग सगळ्या बुकिंगची यादी मागितली, वहीत उतरवून घ्यायला. सॉफ्टवेअरमधून यादी बाहेर काढायचं बटण होतं, करड्या रंगाचं, दाबलं की वरच्या प्लॅनची जाहिरात. काकूंनी तीन दिवस बसून स्क्रीनवर बघत बघत दोनशेच्या वर नोंदी हाताने लिहिल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पैसे परत मागितले तेव्हा त्या गोड मुलाचा नंबर लागेनासा झाला. दुसऱ्याच कुणीतरी ईमेलवर अटी पाठवल्या. त्यात 'लाइफटाइम'ची व्याख्या होती: आयुष्य म्हणजे प्रॉडक्टचं आयुष्य, आणि ते कधी संपवायचं हे कंपनी ठरवणार. मार्चअखेरीस ते संपलंही, पानच उघडेना.

जीएसटीचा घाव त्यानंतरचा. सीए म्हणाले, तुमच्या ७,३८० चं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून मिळणारी तेवढी वजावट, दिसत नाहीये. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला तर नोंदणी आमच्या बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेली. हे बघायला लॉगिनही लागत नाही. १५ अक्षरी नंबर टाकला की नाव, पत्ता, स्थिती समोर येते. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅन. पन्नास हजार देण्याआधी मी भाजीवाल्याला जेवढे प्रश्न विचारतो तेवढेही इथे विचारले नाहीत.

तक्रारी सगळ्या केल्या. सायबर हेल्पलाइन १९३०, तिचं पोर्टल, ग्राहक हेल्पलाइन १९१५. १९३० ला पैसे गेल्या गेल्या काही तासांत फोन केला तर ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते. आम्ही पाच महिन्यांनी केला. वकिलांनी नोटीस पाठवली, ती परत आली. पत्ता महिन्याच्या भाड्याने टेबल मिळतं त्या जागेचा होता. ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर त्यांनी २०१९च्या कायद्यातली मेख दाखवली: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, स्वतः राबून पोट भरणाऱ्याचा अपवाद सोडून. मी सात माणसांना पगार देतो, अपवादात बसतो का यावरच आधी भांडावं लागेल. घरासाठी मिक्सर घेणाऱ्याला जे संरक्षण आहे ते धंद्यासाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्याला गृहीत धरता येत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

हिशोब: ४८,३८०, १०,०००, ५,९९६ आणि तो एक रुपया. ६४,३७७. नवीन नंबरचे स्टिकर, गाड्यांचं रंगकाम वेगळं.

सध्या गूगल कॅलेंडरचं बुकिंगचं फुकट पान वापरतो. साध्या खात्याला एकच पान मिळतं, तेवढं छत बघायच्या भेटींना पुरतं. सोसायटीच्या कमिटीची वेळ काकू फोनवरच ठरवतात, कारण विरोध करणाऱ्या काकांना लिंक पाठवून चालत नाही, त्यांना बोलावं लागतं. पुढे पैसे देऊन काही घेतलंच तर आधी एक महिना, आमच्याच मुलांच्या फोनवर, आणि यादी बाहेर काढायचं बटण पहिल्या दिवशी दाबून.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक जाहिरात दिसली. नाव नवीन, रंग नवीन, उलटं धावणारं लाल घड्याळ मात्र ओळखीचं. मी डेमोसाठी नंबर टाकला, शनिवार सकाळी अकराची वेळ निवडली. मिनिटभरात मेसेज आला: 'आपला डेमो निश्चित झाला आहे. शनिवार, सकाळी ५:३०.'