पेठेसाठी जमलेला पैसा: दुकानात घालायचा की रस्त्यावर?

सांगलीत हरभट रोड, कापड पेठ, मारुती रोड या भागातल्या व्यापाऱ्यांकडे थोडी वर्गणी जमलीय, असं धरा. गिऱ्हाईक विश्रामबाग उपनगराकडे सरकलंय, ते परत आणायचंय. निम्मे म्हणतात दुकानदाराला हात द्या. निम्मे म्हणतात रविवारी संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद करून गाणी-बजावणी ठेवा, माणसं आपोआप येतील.

माणसं येतात, यात वादच नाही. गणपतीत पेठेत पाय ठेवायला जागा नसते. पण त्याच संध्याकाळी गल्ल्यावर बसून बघा. मामांच्या कापड दुकानाच्या पायरीवर लोक टेकले होते, मामा त्यांना पाणी देत होते. रात्री हिशेब केला तर खपले दोन ब्लाउजपीस आणि एक टॉवेल. समोरच्या भडंगवाल्याची मात्र चांदी. गर्दीचा पैसा आधी खाण्यावर जातो. साडी नि भांडी घ्यायला माणूस वेगळ्या दिवशी, वेगळ्या मनानं येतो. साताऱ्यात राजवाड्यापाशी चौपाटी भरते, तीही खाण्याच्याच जोरावर. शिवाय मांडव, ध्वनिक्षेपक, परवानग्या, झाडलोट हा खर्च दर खेपेला नव्यानं.

दुकानांचं दुखणं वेगळं आहे आणि ते नदीकडून येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, २०२१ मध्ये पुन्हा पेठेत शिरलं. मामांच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर ती रेघ अजून दिसते. दोनदा रंग दिला तरी ओल वर येतेच. तेव्हापासून जून लागला की ते माल कमी भरतात. मग बाई विचारते, ‘यातच मोरपंखी नाही का?’ नसतो. ती स्कूटर काढते नि विश्रामबागला जाते. तीच दिवाळीच्या खरेदीलाही मग तिकडेच.

म्हणून माझा कौल दुकानांकडे. पोटमाळा, लोखंडी रॅक, वीजमीटर वर घेणं, विम्याच्या हप्त्यात वाटा. सरकारी योजनांत हे दुकान नेमकं मध्ये सापडतं: मुख्यमंत्री रोजगार निर्मितीचं अनुदान नव्या उद्योगाला, पीएम स्वनिधीचं कर्ज फेरीवाल्याला. तीस वर्षांच्या जुन्या दुकानाला दोन्हीकडे दार बंद.

धोका इथेही आहे. पैसा व्यापारी मंडळातल्या वजनदारांकडे वळतो आणि चकचकीत बोर्डांत जिरतो. तेव्हा बिल दाखवल्यावरच द्या, तेही निम्मंच. उरलेलं मालकानं घालावं. बोर्डाला एक रुपयाही नको.

रुपयातले बारा आणे दुकानांना, चार आणे कार्यक्रमाला असं मी वाटलं असतं. कार्यक्रम महिन्यातून एकदाच, तोही पावसाळा सोडून. सुरुवातीला ५ नोव्हेंबर, रंगभूमीदिन, चांगला. नाट्यपंढरीत त्या दिवशी तसंही वातावरण असतं. अट एकच, त्या संध्याकाळी एकही शटर खाली नको. आणि गाड्या कुठे लावायच्या ते आधी ठरवा, नाहीतर पहिलं भांडण तिथेच.

तुमच्या गल्लीत खाण्याच्याच गाड्या नि हॉटेलं जास्त असतील तर हाच हिशेब उलटा करा. नक्की होत नसेल तर येत्या रविवारी एका पोराला वही देऊन चौकात बसवा: किती माणसं गेली, आणि त्यातल्या किती जणांच्या हातात पिशवी होती.