'इम्युनिटी'ची गोळी: आधी डबी उलटी करून वाचा

व्हिटॅमिन सी, झिंक आणि डी३ एकत्र असलेल्या गोळ्या 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून विकल्या जातात. नावं निरनिराळी, आतला मसाला साधारण तोच. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या प्रकाराचं आहे. कमतरता असेल तर गोळी कामाची आहे. नसेल तर तिच्यातलं जादा सी लघवीवाटे जातं, आणि झिंक मात्र उपद्रव करू शकतं.

खरी गोम झिंकच्या आकड्यात आहे. 'झिंक ग्लुकोनेट ५० मिग्रॅ' म्हणजे प्रत्यक्ष झिंक फक्त ७ मिग्रॅ, कारण त्या क्षारात झिंक १४ टक्केच असतं. 'एलिमेंटल झिंक' (म्हणजे निव्वळ झिंक) '५० मिग्रॅ' लिहिलं असेल तर ते पुरतं ५०. आकडा एकच, फरक सातपट. बरं, मोठ्या माणसाला रोज लागतं किती? अमेरिकन शिफारस स्त्रियांना ८, पुरुषांना ११ मिग्रॅ. वरची मर्यादा ४०.

झिंक कमी पडलं की छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, तिथे तयार होणाऱ्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात, जुलाब आणि श्वसनाचे संसर्ग वाढतात. तिथे झिंक देणं योग्यच. पण ५० मिग्रॅ महिनोन्‌महिने घेतलं, तर आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात. ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी गळून पडल्या की तांबंही शौचावाटे जातं. तांबं घटलं की न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी होतात, रक्तक्षय होतो, आणि लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. प्रतिकारशक्तीची गोळी खाऊन पांढऱ्या पेशीच कमी!

सी १००० मिग्रॅ हा आकडा दिखाऊ आहे. एका वेळी १ ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं, उरलेलं पोट बिघडवतं. रोज घेणाऱ्या मोठ्यांत सर्दीचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. सर्दी लागल्यावर सुरू केल्याचा फायदा खात्रीचा नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी एवढा डोस टाळलेला बरा.

डी३ हा या गोळीतला सर्वांत प्रामाणिक घटक. १००० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) म्हणजे २५ मायक्रोग्रॅम, ४००० आययूच्या मर्यादेत आरामात बसतं. डी मिळालं की जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवतात. मात्र डी स्निग्धात विरघळतं, त्यामुळे तेला-तुपाच्या जेवणानंतरच घ्या. उपाशीपोटी गोळी घेतली तर झिंकने मळमळतं ते वेगळंच.

लोह, बी१२ आणि ए यात बहुधा नसतात. थकवा, फिकेपणा असेल तर ही गोळी चुकीची; आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि बी१२ तपासा. लोहाची वेगळी गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका, कारण लोह झिंकचं शोषण अडवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ते झिंकच्या किमान २ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर घ्यावं, नाहीतर अँटिबायोटिकच वाया जातं.

१० ते १५ मिग्रॅ एलिमेंटल झिंक, १०० ते २०० मिग्रॅ सी आणि १००० आययू डी३ असलेली डबी मिळाली तर घ्या. एलिमेंटल झिंक ५०वाली शेल्फवरच राहू द्या.