मेगिद्दो : थर ओळखत बघायची टेकडी

उत्तर इस्राएलमधल्या मेगिद्दो या प्राचीन नगराचे अवशेष बघायला येणारे बरेच जण पाऊण तासात टेकडी उरकतात आणि 'नुसते दगड आहेत' म्हणून परततात. शेजारीशेजारी दिसणाऱ्या भिंती एकाच काळातल्या धरल्या की असं होतं. शिकागो विद्यापीठाच्या उत्खनन संघाने 1925 ते 1939 या काळात इथे एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे वीस थर मोजले. अख्खी टेकडी सोलायचा बेत खर्चापायी सुटला आणि काही जागीच खोल खणलं गेलं. म्हणून आज एके ठिकाणी पायाखाली 2800 वर्षांपूर्वीची जमीन असते, तर जवळच्या चरात साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

आधी संग्रहालयातली टेकडीची प्रतिकृती नीट बघून घ्यावी. वर चढताना लागणाऱ्या सहा देवड्यांच्या वेशीचा अर्धाच भाग उरलाय, कारण खालचा थर गाठायला उत्खनन करणाऱ्यांनीच बाकीचा काढला. ती वेस बायबलमधल्या शलमोन राजाची की त्यानंतरची, हा वाद अजून मिटलेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ खोल चराच्या कठड्यावर द्यावा. मेगिद्दोचं खरं मोल इथे कळतं. तळाशी सुमारे 8 मीटर व्यासाची गोल दगडी वेदी आहे, तिला लागून देवळांचे पाये. हजारो वर्षं लोकांनी देवासाठी हीच जागा पुन्हा पुन्हा निवडली. धान्याचं पेव त्या मानाने अलीकडचं : सुमारे 7 मीटर खोल, आत समोरासमोर दोन जिने, म्हणजे उतरणारे आणि चढणारे एकमेकांना आडवे येऊ नयेत. दगडी गव्हाणी असलेल्या इमारती तबेले होत्या की कोठारं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

भुयार शेवटी ठेवावं. झरा तटाबाहेर होता. वेढ्यातही पाणी मिळावं म्हणून आतून तीसेक मीटरचं विवर आणि पुढे सुमारे 70 मीटरचा बोगदा खोदून झऱ्याचं बाहेरचं तोंड बुजवलं. उतरायला 180 च्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी वेशीवाटेच परतावं. बोगद्यातून बाहेर पडलं की आपण टेकडीच्या दुसऱ्या अंगाला असतो, तिथून पार्किंगपर्यंत रस्त्याने चालावं लागतं. बस असेल तर चालकाला आधीच तिकडे थांबायला सांगावं.

माथ्यावर सावली फारशी नाही, तेव्हा सकाळीच जावं, पाणी बरोबर घ्यावं आणि दोन तास तरी हाताशी ठेवावेत. शुक्रवारी दार लवकर बंद होतं.