लिमरिकचा ‘लिव्हिंग ब्रिज’ : नऊ महिने, रोज दोन खेपा

खोली मिळाली शॅनन नदीच्या उत्तर काठावर, वर्ग सगळे दक्षिण काठावर. त्यामुळे आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाचा हा पादचारी पूल मी सप्टेंबरपासून दिवसातून किमान दोनदा तुडवतोय. झोपतो क्लेअर काउंटीत, शिकतो लिमरिक काउंटीत. हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाच्या मैदानावर या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

नाव ऐकून मला मेघालयातले मुळांचे पूल आठवले होते. हा निघाला पोलाद आणि केबलचा. २००७ सालचा, ३५० मीटर लांब, विल्किन्सन एअर या वास्तुरचनाकारांचा. नदीतल्या झाडीच्या बेटांवरून वळत वळत जातो. पहिल्या आठवड्यात उशीर झालेला असताना त्या वळणाचा रागच आला होता. आता पलीकडचं टोक हळूहळू उलगडतं तेच बरं वाटतं.

केबल वर नाहीत, खाली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी नुसतं आभाळ आणि पाणी. कुणी धावत गेलं की पायाखाली किंचित लवतं. हातात कॉफी असेल तर कपात बारीक तरंग दिसतात. सुरुवातीला मी कठडा पकडायचो. आता कॉफी सांभाळतो.

खरी परीक्षा वाऱ्याची. पाऊस इथे वरून कमी आणि आडवा जास्त. पहिली छत्री ऑक्टोबरात उलटी झाली, दुसरी अकरा दिवस टिकली. तिसरी घेतली नाही. टोपीचा रेनकोट घेतला. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, तेव्हा तिकडे भारतात रात्रीचे दहा वाजलेले असतात. आईला फोन करायची माझी वेळ ती, आणि जागा हा पूल. आई रोज विचारायची, “अरे, पिठाच्या गिरणीत उभा आहेस का?”

एक गंमत राहिलीच. या भागाचं नाव प्लासी! आपण इतिहासात घोकलेली, १७५७ ची. क्लाइव्हने लिमरिकजवळच्या आपल्या जमिनीला त्या लढाईचं नाव दिलं, ते अजून चिकटून आहे. पत्त्यात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं.

उत्तर काठावर खोली घेणार असाल तर बिनधास्त घ्या. पुलासाठी पाच मिनिटं धरा. पाण्यात हंस असतील तर दहा.