पॅलाडिन-वॉरलॉक मल्टिक्लास : आठ महिने खेळल्यावर

परवाच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेशनला अखेर एका पाळीत दुसरा वार मिळाला. आठ महिने हेच दोन क्लास मिसळलेलं (मल्टिक्लास) पात्र खेळतोय, २०१४ च्या नियमांनी: दोन लेव्हल पॅलाडिन (धर्मयोद्धा), दोन हेक्सब्लेड वॉरलॉक (तलवार चालवणारा जादूगार), पुढे पुन्हा पॅलाडिन. एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे तो दुसरा वार, पॅलाडिनच्या पाचव्या लेव्हलला येतो, म्हणजे मला एकूण सातव्या. आमचा फायटर पाचव्यालाच दोनदा मारू लागला होता. मधल्या दोन लेव्हल ओलांडायला ११ सेशन गेली.

ही गोष्ट सोसत नाही. एक वार म्हणजे वीस बाजूंचा एकच फासा. ४ पडला की पाळी फुकट. मग बाकीचे चौघे, डीएमचे (खेळ चालवणाऱ्याचे) सहा ऑर्क, वीस मिनिटांनी पुन्हा माझी पाळी, आणि फाशावर ६. स्लॉट (जादू करायचा मोजका साठा) जपून ठेवलेले, पण वारच लागत नाही तर स्माइट (लागलेल्या वारावर स्लॉट खर्चून जादा डॅमेज) कशावर करणार?

चौथ्या महिन्यात डीएमकडे पात्र बदलून मागायचं ठरवलंच होतं. तेव्हा झोंबींनी भरलेल्या भुयारात उतरलो आणि मत फिरलं. वॉरलॉकचे दोन स्लॉट शॉर्ट रेस्टमध्ये, तासाभराच्या विश्रांतीत परत भरतात. सहाव्या लेव्हलच्या निव्वळ पॅलाडिनला दिवसाला सहा स्लॉट मिळतात. माझे तीन अधिक दोन, आणि दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर आणखी चार, म्हणजे नऊ. ते खालच्या दर्जाचे असतात हे खरं, पण झोंबींवर पहिल्या दर्जाचा स्लॉटही ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे) डॅमेज देतो. त्या दिवशी मी हात राखून खेळलो नाही. हेक्सब्लेडमुळे तलवारही करिश्मा या गुणावर चालते, त्यामुळे चौथ्या पॅलाडिन लेव्हलची गुणवाढ सगळी तिकडे टाकून करिश्मा १८ केला. मात्र तुमचा डीएम दिवसाला एकच लढाई देत असेल, तर यातलं जवळपास काही हाती लागणार नाही.

परवा पहिला वार हुकला, दुसरा लागला, स्माइटही बसला. फार बरं वाटलं. पुढच्याच पाळीत लाल ड्रॅगनने आग ओकली. विझार्ड माझ्या शेजारच्याच चौकोनात होती. सेव्हला (आगीतून निसटायच्या फाशाला) १७ हवे होते, तिला १५ मिळाले. ५३ डॅमेज, ती खाली कोसळली. सहाव्या पॅलाडिन लेव्हलची ऑरा (जवळच्या साथीदारांच्या सेव्हला माझा बोनस) असती तर माझ्या करिश्मा १८ चा ४ बोनस तिला मिळून १९ झाले असते, आणि निम्म्या डॅमेजवर ती उभी राहिली असती. निव्वळ पॅलाडिनकडे ती ऑरा एकूण सहाव्या लेव्हललाच आली असती, मला ती आठव्याला मिळणार. दुसऱ्या वारासाठी इतके महिने चडफडलो, पण खरी किंमत या उशिराची होती.

विझार्ड वाचली, क्लेरिकने उठवलं. पुढची लेव्हल पॅलाडिनचीच घेतोय.