काळजीसेवेची सहकारी संस्था: मालकी कोणाकडे असावी?

वृद्ध, आजारी आणि दिव्यांग व्यक्तींची काळजी घेणारी सहकारी संस्था काढायचे ठरले, की सभासदत्व कोणाला द्यायचे हा प्रश्न पोटनियम लिहिण्यापूर्वीच सोडवावा लागतो. ठळक पर्याय दोन आहेत: केवळ काम करणाऱ्यांच्या मालकीची संस्था, किंवा काम करणारे, सेवा घेणारे आणि पाठीराखे या सर्वांची संयुक्त संस्था.

पहिल्या पर्यायाचे परिचित उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९८५ साली सुरू झालेली ‘कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स’. तेथे घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारे कामगारच संस्थेचा भाग (शेअर) विकत घेऊन मालक होऊ शकतात. या क्षेत्राचे जुने दुखणे म्हणजे माणसे टिकत नाहीत. पगार तुटपुंजा, कामाचे तास अनिश्चित, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्यागणिक अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपल्या सवयी पुन्हा पहिल्यापासून सांगाव्या लागतात. प्रशिक्षण आणि कामाच्या तासांची वाटणी यांवर कामगारांचेच नियंत्रण असले, तर या दुखण्यावर नेमका उपाय होतो. मात्र सेवेचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून येत असतील, तर दर योजनाच ठरवते आणि मालकी हाती असूनही वेतनवाढीला मर्यादा पडते. शिवाय ज्याची काळजी घ्यायची, त्याला मत नसते.

संयुक्त रचनेत ते मिळते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये, तर फ्रान्सने २००१ मध्ये अशा संस्थांना कायदेशीर चौकट दिली. फ्रान्समध्ये किमान तीन प्रकारचे सभासद असावे लागतात आणि वाढाव्याचा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा, किमान ५७.५ टक्के भाग राखीव निधीत ठेवावा लागतो, त्यामुळे लाभांशाच्या आशेने येणारे आपोआप दूर राहतात. दर वाढवायचे की पगार रोखायचे हा वाद येथे एकाच सभागृहात होतो. निर्णय लांबतात, हे खरे, पण हा वाद दडपण्यापेक्षा उघड झालेला मला अधिक बरा वाटतो. अडचण वेगळीच आहे: स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या वतीने नातेवाईक मत देतात, आणि नातेवाइकांची सोय व रुग्णाचे हित दरवेळी एकच असते असे नाही.

सर्वसमावेशक रोजगार हा दुसरा हेतू असेल, तर इटलीचा १९९१ चा ३८१ क्रमांकाचा कायदा अवश्य अभ्यासावा. त्याने सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार पाडले. ‘अ’ प्रकार आरोग्य, समाजसेवा व शिक्षणविषयक सेवा देतो. ‘ब’ प्रकार अन्य कोणताही व्यवसाय करतो, पण त्याच्या कामगारांपैकी किमान ३० टक्के दिव्यांग, मनोविकारातून सावरणारे किंवा तत्सम वंचित गटांतील असावे लागतात आणि त्यांच्या वेतनावरील सामाजिक विम्याच्या वर्गणीत संस्थेला सूट मिळते. हा भेद मला मोलाचा वाटतो. रुग्णाच्या उशाशी बसण्याची पाळी रिकामी राहून चालत नाही, आणि दीर्घ आजारानंतर कामावर परतणाऱ्याला हवी असते ती नेमकी कमी-अधिक तासांची सवलत. दोन्ही गरजा एकाच वेळापत्रकात कोंबल्या, की एकीचे तरी नुकसान होतेच. त्यापेक्षा धुलाई, बागकाम, स्वयंपाकघर यांसाठी वेगळा विभाग काढावा, त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत आणि काळजीसेवेच्या विभागाने त्याचा पहिला ग्राहक व्हावे.

याच कायद्यात स्वयंसेवक सभासदांची संख्या एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक नसावी अशी अट आहे. बिनपगारी हातांनी पगारी हातांची जागा घेऊ नये, म्हणून ती आपल्या पोटनियमांतही असावी.

प्रशिक्षित कामगार एकत्र आलेले असतील आणि सेवा घेणारे विखुरलेले असतील, तर कामगारांच्या मालकीपासून आरंभ करावा. कुटुंबेच पुढाकार घेत असतील, तर संयुक्त रचना निवडावी. निर्णय होत नसेल तेव्हा पहिलीकडे झुकावे, कारण नव्या गटाला पुढे मताधिकार देता येतो, पण एकदा दिलेला काढून घेणे फार अवघड जाते.