समुद्रमार्गे घर हलवणारी ‘डोअर टू डोअर’ सेवा: कोणत्या सामानाला घ्यावी, कोणत्या सामानाला नाही

परदेशी कायमचं राहायला निघालेल्यांचं सामान जुन्या घरातून उचलून नव्या घरात पोचवणारी ही सेवा कपडे, पुस्तकं, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि सायकलीसाठी उत्तम आहे. अखंड लाकडाचं फर्निचर आणि मोटरवर चालणारी उपकरणं यांसाठी ती बहुतेक वेळा तोट्याची ठरते, विशेषतः दमट, उष्ण हवेतून थंड, कोरड्या हवेत जाताना. जहाज आणि समुद्र सगळ्याच कंपन्यांना सारखे. कंपनीची पारख होते ती सर्व्हेच्या वेळी आणि पॅकिंग लिस्ट लिहिताना.

सर्व्हे म्हणजे सामानाचं आकारमान मोजणं. एकक घनमीटर, धंद्यातला शब्द ‘सीबीएम’. ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचं खोकं ०.१२ सीबीएम भरतं. पुस्तकांचं खोकं मुद्दाम लहान, ४० × ३० × ३० सेंटिमीटरचं घेतात, कारण पुस्तकांनी मोठं खोकं भरलं तर तळ फाटतो. चांगला सर्व्हेअर कपाटं उघडायला लावतो, माळा आणि पलंगाखालची जागा बघतो, आणि ‘हे नेणार, हे नाही’ असं वस्तूगणिक लिहून घेतो. दहा मिनिटांत ‘साधारण सहा सीबीएम’ सांगून निघून जाणाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवावं. पॅकिंगच्या दिवशी सहाचे साडेसात होतात आणि तोवर घर रिकामं करायची तारीख आलेली असते. आकडा वाढण्याचं खरं कारण असं, की सर्व्हेत मोजलेलं असतं सामान आणि बिल लागतं पॅकिंगसकट, कधी तर ‘लिफ्टव्हॅन’ या मोठ्या पेटीच्या बाहेरच्या मापावर. म्हणून कोटेशनमध्ये आकडा ‘नेट’ (नुसतं सामान) की ‘ग्रॉस’ (पॅकिंगसकट) हे लेखी मागावं. ही पेटी लाकडी असेल तर तिच्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटं तापवल्याची खूण म्हणून त्यावर ‘एचटी’ ही अक्षरं असतात. प्लायवूडला हा नियम लागू नाही, पण पेटीखालच्या साध्या लाकडाच्या ठोकळ्यांना लागू आहे, आणि नेमके तेच शिक्क्याविना राहतात.

वीस फुटी कंटेनरमध्ये कागदावर ३३ सीबीएम मावतात, प्रत्यक्षात २७-२८. सामान दहा-बारा सीबीएमच्या आत असेल तर ‘ग्रुपेज’, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेला कंटेनर, स्वस्त पडतो. त्याची अडचण अशी, की कंटेनर भरेपर्यंत माल गोदामात थांबतो, आणि दुसऱ्या कुणाच्या खोक्यावर कस्टमने बोट ठेवलं तर सगळ्यांचंच सामान अडकू शकतं. कंपनीने दिलेली तारीख जहाज सुटण्याची आहे की गोदामात माल घेण्याची, हे विचारून घ्यावं. पहिल्या दोन-तीन महिन्यांची गरज विमानातल्या सामानातूनच भागवायची, असं धरून चालावं.

सर्वाधिक नुकसान करतो तो ओलावा. कंटेनर ही बंद लोखंडी खोली. आतल्या लाकडातून, पुठ्ठ्यातून, गाद्यांमधून दिवसा वाफ सुटते, रात्री छप्पर गार पडतं आणि तिथे साचलेलं पाणी थेंबाथेंबाने सामानावर गळतं. याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात. उष्ण बंदरातून निघून थंड पट्ट्यात शिरणाऱ्या जहाजावर हे हमखास घडतं. सामान आतून ओलं नसणं हाच त्यावर खरा उपाय. गाद्या, उशा, चामड्याचे बूट आणि पिशव्या पॅकिंगच्या आधी किमान दोन दिवस उन्हात किंवा पंख्याखाली ठेवाव्यात, धुलाई यंत्राचा पाइप पूर्ण निथळून काढावा, फ्रिज पुसून दार उघडं ठेवून वाळवावा. लाकूड आणि चामडं यांना प्लॅस्टिकची घट्ट पट्टी थेट गुंडाळू देऊ नये, आत कागद हवाच, नाहीतर आतल्या ओलीला वाट मिळत नाही आणि बुरशी धरते. ओलावा शोषायला कंटेनरच्या भिंतींवर कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या टांगतात. सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या पेटीपुरत्या ठीक, कंटेनरला त्या पुरत नाहीत. पिशव्या किती लावणार, हे विचारल्यावर जी कंपनी आकडा सांगते तिला काम कळतं.

ओलाव्यातून वाचलेलं लाकूडही नव्या घरात सुरक्षित नसतं. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे १३ टक्के पाणी राहतं. हिवाळ्यात गरम केलेल्या घरात आर्द्रता ३० टक्क्यांवर येते आणि लाकडातलं पाणी ६ टक्क्यांवर. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. अर्धा मीटर रुंद सागवानी फळी या फरकात ३ ते ६ मिलिमीटर कमी होते. ती दोन्ही कडांना खिळ्यांनी किंवा गोंदाने पक्की असेल तर मधोमध चिरते. पॅनेल खाचेत मोकळं बसवलेलं असेल तर नुसतं सरकतं. त्यामुळे प्लायवूडचं कपाट जायला हरकत नाही, खाचेतल्या पॅनेलचं जुनं कपाट जाऊ शकतं, पण एकसंध फळ्यांचं जेवणाचं टेबल मागे ठेवलेलं बरं. ज्यांना ते टेबल सोडवतच नाही त्यांनी वरची फळी खालच्या चौकटीला लंबगोल छिद्रांतून स्क्रूने बसवून घ्यावी, म्हणजे फळीला हलायला जागा मिळते. हे काम निघण्याआधीच, ओळखीच्या सुताराकडून.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा निर्णय पाठीमागच्या पट्टीवर होतो. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असं लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलायची. ‘२३०’ एवढंच लिहिलं असेल आणि तिकडे १२० असेल तर ट्रान्सफॉर्मर लागतो, पण तो फक्त व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. ५० हर्ट्‌झवरची साधी इंडक्शन मोटर ६० वर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरते. उलट दिशेने, ६० ची मोटर ५० वर, ती मंद फिरून तापते आणि हे जास्त धोक्याचं. जपानमध्ये १०० व्होल्ट असून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्‌झ आहे, म्हणजे एका देशातसुद्धा शहर कोणतं ते बघावं लागतं. इस्त्री, हीटर, किटली नेऊ नयेतच. २००० वॉटला लागणारा ट्रान्सफॉर्मर त्या वस्तूपेक्षा महाग आणि जड. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या जहाजाच्या सामानात घालू नयेत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या विमानात हातातल्या बॅगेत चालतात.

पॅकिंग लिस्ट हा या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा कागद. ‘किरकोळ घरगुती सामान’ असं लिहिलेली दहा खोकी म्हणजे कस्टमला तपासणीचं आमंत्रण आणि विमा कंपनीला दावा नाकारायला कारण. प्रत्येक खोक्यात काय, किती आणि कोणत्या खोलीतलं, हे यायला हवं. यादीतल्या खुणाही समजून घ्याव्यात. ‘पीबीओ’ म्हणजे मालकाने स्वतः बांधलेलं खोकं, आणि त्यातली फूट बहुतेक विमा पत्रांत धरली जात नाही. म्हणून काच, चिनीमाती, स्क्रीन हे सगळं कंपनीच्या माणसांकडूनच बांधून घ्यावं. ‘एससी’ म्हणजे ओरखडा, ‘सीएच’ म्हणजे कपची उडालेली. काही पॅकर चांगल्या वस्तूंसमोरही या खुणा टाकत जातात, म्हणजे पुढे दावाच उरत नाही. सही करण्याआधी त्या तिथल्या तिथे खोडून घ्याव्यात.

कर माफीच्या अटी देशोदेशी वेगळ्या. युरोपीय संघात सामान किमान ६ महिने वापरातलं हवं, मालक किमान सलग १२ महिने संघाबाहेर राहिलेला हवा आणि सामान तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत पोचायला हवं. मिळालेल्या माफीनंतर १२ महिने ते विकता किंवा भाड्याने देता येत नाही. म्हणजे निघायच्या आठवड्यात घेतलेली नवी वस्तू माफीत बसत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी सायकलीची चाकं, बुटांचे तळ आणि बागेची अवजारं ब्रशने घासून मातीचा कण राहू देऊ नये. माती सापडली तर तपासणी, सफाई, वखारभाडं हे सगळं मालकाच्या खिशातून जातं.

‘दार ते दार’ या शब्दांतही फट असते. मुक्कामाच्या बंदरावरचं हाताळणी शुल्क, कस्टमची तपासणी, बंदरात माल फुकट ठेवायचे मोकळे दिवस उलटल्यावरचा डेमरेज (उशिराचा आकार), लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिना चढवण्याचे पैसे, ट्रक दारापर्यंत येत नसेल तर छोट्या गाडीचे पैसे: कोटेशनमध्ये यातलं काय आत आणि काय बाहेर, ओळ न ओळ विचारावं.

विमा ‘ऑल रिस्क’च, म्हणजे वगळलेल्या गोष्टी सोडून सगळ्या नुकसानीचा, घ्यावा आणि किंमत मुक्कामाच्या देशात नवी वस्तू घ्यायला लागेल ती लिहावी. निम्मी किंमत लिहिली तर नुकसानभरपाईही बहुधा निम्मीच मिळते. बुरशी आणि यंत्राचा आतला बिघाड हे बरेचदा वगळलेले असतात, ते जोडून मागावेत. विमा टाळणाऱ्यांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ हा शब्द लक्षात ठेवावा. जहाज वाचवण्याचा खर्च मालाच्या सगळ्या मालकांवर वाटला जातो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वर तो जाहीर झाला होता. अशा वेळी विमा नसलेल्यांना हमीची रक्कम भरल्याशिवाय माल मिळत नाही, सामान धडधाकट असलं तरीही.

सामान पोचल्यावर एका माणसाने दारात उभं राहून खोक्यांच्या क्रमांकांवर यादीत खूण करत जावं, दुसऱ्याने खोल्या दाखवाव्यात. चेपलेलं, भिजलेलं खोकं फोटो काढून पावतीवर नोंदवल्याशिवाय सही करू नये. दाव्याची मुदत विमा पत्रात असते आणि ती लहान असते. थंड देशात टीव्ही आणि संगणक खोक्यातून काढून लगेच सुरू करू नयेत. गार यंत्र उबदार खोलीत आलं की आत पाणी सुटतं, म्हणून ते बंद खोक्यातच एक दिवस खोलीत राहू द्यावं आणि मग उघडावं.